लोखंडी पलंग



‘आईचा जुना लोखंडी पलंग मोडीत काढावा की ठेवावा?’ असे एका वाचक भगिनींनी पत्रातून विचारले आहे. आईंचे वय ८२ वर्षे, गुडघे दुखरे, रात्री दोन-तीनदा लघवीसाठी उठावे लागते. घरातील तरुणांना त्या जागी खाली सामान ठेवता येईल असा बॉक्स-पलंग हवा आहे. प्रश्न फर्निचरचा वाटेल. मी मात्र तो वैद्यकीयच समजतो.

लोखंडी पलंग घराघरांत आला, त्यामागे आरोग्याचे कारण मोठे होते. युरोपातील जुने पलंग लाकडी, वर जाड पडदे, खाली झालर. लाकडाच्या खाचांत ढेकणांची वस्ती कायमची. लोखंड पुसता येई, त्यावर उकळते पाणी ओतता येई, खालून वारा खेळे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे शहर या धंद्याचे केंद्र झाले. सरळ दांडे घडीव लोखंडाचे असत आणि दोन दांडे जेथे मिळत, तेथे साच्यात वितळलेले बीड ओतून सांधा पक्का करीत. जुन्या पलंगाच्या डोक्याशी जी फुले, वेली, गोळे दिसतात, ती पुष्कळदा अशा सांध्यांवर चढवलेली नक्षी असते. (आज ‘रॉट आयर्न’ म्हणून जे विकले जाते, ते बहुतेक साधे पोलाद असते. टिकाऊपणात त्याने फारसे बिघडत नाही.)

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे छोटे पुस्तक लिहिले. त्यात रुग्णासाठी लोखंडी पलंगच सांगितला आहे, तोही झालरीवाचून. पलंग फार रुंद नसावा. भिंतीला चिकटवू नये, म्हणजे शुश्रूषा करणाऱ्याला दोन्ही बाजूंनी रुग्णापर्यंत सहज पोहोचता येते. तो उजेडात असावा आणि रुग्णाला खिडकीबाहेरचे दिसावे. उंच पलंगावर चढण्या-उतरण्यातच अशक्त माणसाची शक्ती संपते, हेही त्या बजावतात. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी यातले एकही वाक्य मला खोडावेसे वाटत नाही.

आता त्या भगिनींच्या आईंकडे वळू. बसलेला माणूस उठतो कसा, ते स्वतः करून पाहा. आपण नकळत टाचा मागे, गुडघ्यांच्याही मागे ओढतो, पुढे झुकतो आणि मग उठतो. पलंगाखाली मोकळी जागा असेल, तरच टाचा मागे जातात. बॉक्स-पलंगाची फळी जमिनीपर्यंत आलेली असते. टाचा तिला अडतात आणि सारा भार दुखऱ्या गुडघ्यांवर व हातांवर येतो. माझ्या एका वृद्ध रुग्णाला नवा पलंग आल्यापासून उठवायला दोन माणसे लागू लागली. घरच्यांना वाटले, आजार वाढला. जुनी खाट परत आणली, तेव्हा ते पूर्वीसारखे दांड्याला धरून उठू लागले. शुश्रूषा करणाऱ्यालाही हीच मोकळीक उपयोगी पडते. त्याची पावले पलंगाखाली जातात, कंबर कमी वाकते आणि सांडलेले पुसून घेता येते.

तेव्हा पलंग ठेवावा, पण उंची तपासावी. गादीच्या कडेवर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकावेत आणि मांड्या साधारण आडव्या किंवा गुडघ्यांकडे किंचित उतरत्या असाव्यात. पाय लोंबकळत असतील, तर वेल्डिंगवाल्याकडून चारही पाय सारखे कापून घ्यावेत. पलंग बुटका असेल, तर खाच असलेले लाकडी ठोकळे लावावेत. विटा ठेवू नयेत, त्या सरकतात. झोळ आलेली जाळी किंवा सैल नवार मात्र बदलाच. खोलगट अंथरुणातून कूस बदलणेही कठीण होते.

डोक्याकडील गजांमधील अंतर पाहावे. गज व गादी यांच्यामध्ये डोके अडकेल एवढी फट असू नये, विशेषतः स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी. अशा रुग्णाच्या बाजूला उंच कठडा लावणेही धोक्याचे. तो ओलांडू पाहतो आणि अधिक उंचावरून पडतो. पोकळ नळ्यांची उघडी तोंडे बुचाने बंद करावीत, कारण ढेकूण तेथेही राहतात.

गंजाविषयी लोक फार घाबरतात. धनुर्वाताचे जंतू गंजातून निर्माण होत नाहीत. ते माती-धुळीत असतात. जखम कशानेही झाली, तरी ती स्वच्छ धुऊन लस घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारावे. मला अधिक काळजी वाटते ती जुन्या रंगाची. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ साली, म्हणून त्यापूर्वीचा रंग घरात कोरडा खरवडू नये. पलंग बाहेर पाठवून, रंग काढून, नव्याने रंगवून घ्यावा आणि तोवर नातवंडांना सुटलेल्या पोपड्यांपासून दूर ठेवावे.