नऊ पिनांच्या बाजूनं

"अरे, आता कोण वापरतं सिरियल पोर्ट?"

हे वाक्य मी गेल्या वर्षभरात किमान दहा वेळा ऐकलंय. हापिसच्या कँटीनमध्ये, कॉम्प्युटरच्या दुकानात, आणि अगदी परवा एका मित्राच्या तोंडून, जो स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर आहे (आणि ज्यानं डिप्लोमाला याच पोर्टवर प्रोजेक्ट करून मार्क घेतले होते!). वाक्य प्रश्नासारखं दिसतं खरं, पण प्रश्न नाहीये तो. "तू अजून त्या काळात आहेस का?" असा त्याचा अर्थ. तर मंडळी, या विकांताचा लेख त्या वाक्याच्या विरोधात आहे. मी त्या प्रश्नाचं सरळ उत्तर देणार आहे. कोण वापरतं? कापूस विकणारा माणूस वापरतो. त्याला माहीत नसलं तरी.

आता थोडं आमच्याकडे चला. अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. पलीकडच्या काठावर वर्धा जिल्हा सुरू होतो. विदर्भाची जुनी राजधानी, रुक्मिणीचं माहेर. इथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला पायी जाते. आणि गंमत बघा, आपल्याकडे वजनकाट्याची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट कुणाची? रुक्मिणीचीच! एका पारड्यात कृष्ण, दुसऱ्या पारड्यात सगळं सोनंनाणं, तरी काटा हलेना; मग रुक्मिणीनं एक तुळशीपत्र ठेवलं आणि पारडं खाली आलं. त्या तुलाभारात पारडं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. आजच्या काट्याचं तसं नाही. तिथं पारडं जमिनीखाली असतं, आकडा खोलीत असतो आणि शेतकरी बाहेर ट्रॅक्टरवर असतो.

या सगळ्या पट्ट्यात, म्हणजे तिवसा, धामणगाव, आर्वी, पुलगाव इकडे, कापूस विकायचा म्हणजे आधी "काटा" करायचा. माझ्या मामाचा तिकडं असाच एक काटा आहे. ज्यांनी फक्त मॉलमधला भाजीचा काटा पाहिलाय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लोखंडी प्लॅटफॉर्मखाली लोडसेल असतात. वजन पडलं की लोडसेल अगदी सूक्ष्म वाकतो, आणि त्यामुळे काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. सगळ्या लोडसेलच्या तारा एका जंक्शन बॉक्समध्ये एकत्र येतात, तिथून खोलीतल्या इंडिकेटरला जातात. इंडिकेटर म्हणजे लाल आकडे दाखवणारा तो डबा. तो मिलिव्होल्टचे किलो करतो आणि मागच्या नऊ पिनांच्या सॉकेटमधून तो आकडा सेकंदाला अनेक वेळा बाहेर टाकत राहतो. त्या सॉकेटमधून एक वायर कॉम्प्युटरला. आधी भरलेली गाडी, मग रिकामी गाडी, वजाबाकी म्हणजे माल. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर खडखड करत कार्बनसकट पावती काढतो. एक प्रत शेतकऱ्याला, एक काट्याला, एक व्यापाऱ्याला. (लेझर प्रिंटरवर कार्बन कॉपी काढून दाखवा, मग बोलू!)

या पूर्ण साखळीत माणसाचा हात कुठे लागतो? कुठेच नाही. हाच मुद्दा आहे. लोडसेलपासून पावतीपर्यंत आकडा एकट्यानं चालत जातो.

आता मामाचा जुना कॉम्प्युटर बसला. नवीन आणला. मागे यूएसबीची रांग, एचडीएमआय, नेटवर्क, सगळं चकचकीत. पण नऊ पिनांचं पोर्ट नाही. दुकानदारानं (नाव जाऊ द्या) तीन सल्ले दिले. एक, यूएसबीची कन्व्हर्टर वायर घ्या. दोन, इंडिकेटरच नवीन घ्या. आणि तीन, "नाहीतर आकडा बघून टाईप करा ना, काय फरक पडतो?"

काय फरक पडतो? हिशोबच करू. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. समजा भरलेल्या गाडीचं वजन ४,८३० किलो आहे आणि ऑपरेटरनं रात्री दहा वाजता, मागे वीस गाड्यांची रांग असताना, चुकून ४,३८० टाईप केलं. दोन आकड्यांची अदलाबदल. साडेचार क्विंटल गायब. ३६,४९५ रुपये! आणि हे "चुकून" झालं तर. मुद्दाम करायचं असेल तर इतकं मोठं कशाला, दर गाडीमागे वीस किलो पुरतात. वीस किलोचे १,६२२ रुपये होतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत. शेतकऱ्याला बाहेर लाल आकडे दिसले असतील-नसतील, हातात येते ती पावती. आणि भांडण झालं तर पावतीच खरी धरली जाते.

मामाचं म्हणणं त्याच्या भाषेत ऐका: "काटा आपला बरोबर दाखवून रायला. पण तुह्या नव्या कम्प्यूटरले डोळेच नसन, तर काट्यानं काय करावं बाप्पा?" मी एवढ्या मीटिंगा केल्यात आयुष्यात, पण इतकी नेमकी रिक्वायरमेंट कुणी सांगितली नाही.

आता तांत्रिक भाग, आणि इथे मला खरा राग येतो. तुम्हाला वाटेल, नवीन मदरबोर्डवर सिरियल पोर्ट नसतंच. चूक! आजही भरपूर डेस्कटॉप मदरबोर्डवर ते असतं, फक्त मागच्या पट्टीवर नसतं. बोर्डाच्या खालच्या कडेला बारीक अक्षरात "कॉम" किंवा "जेकॉम" लिहिलेलं शोधा. दोन ओळींत पाच-पाच पिनांची जागा, त्यातली एक पिन नसलेली. म्हणजे नऊ. हेच ते! आतली चिप जिवंत आहे, बायोसमध्ये ते चालू-बंद करायची सोय आहे, विंडोज त्याला कॉम-१ म्हणून आपणहून ओळखतं. पोर्ट मेलेलं नाही, गोठ्यात बांधून ठेवलंय. त्याला बाहेर काढायला लागते एक पत्र्याची पट्टी, एक चपटी वायर आणि एक स्क्रू. दोन-तीनशे रुपयांचं काम. एवढ्यासाठी दुकानदार इंडिकेटर बदलायला सांगतो!

करणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, या पट्ट्यांमध्ये वायरिंगच्या दोन पद्धती आहेत. दिसायला पट्टी सारखीच, बसतेही व्यवस्थित, पण पिना जुळत नाहीत आणि डेटा काही येत नाही. बोर्डाचं मॅन्युअल उघडा, मल्टिमीटरनं तपासा, मग लावा. दुसरी, वीज. काट्याच्या तारा उघड्या अंगणातून येतात आणि आमच्याकडे मृगाच्या आधी विजा कशा पडतात ते वेगळं सांगायला नको. तो झटका वायरीतून थेट मदरबोर्डात शिरू शकतो. म्हणून मध्ये एक ऑप्टिकल आयसोलेटर टाका. जुन्या पोर्टची ही उणी बाजू आहे, ती लपवण्यात अर्थ नाही.

बोर्डावर पिना नसतीलच तर पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड मिळतं. (एके काळी अशा कार्डांवर हैदराबादच्या मॉसचिप कंपनीच्या चिपा सर्रास दिसायच्या. आपल्या लोकांनी या "भंगार" पोर्टावर धंदा केलाय, ही माहिती कँटीनमध्ये उपयोगी पडेल.) तेही चांगलं चालतं. खरं तर विजेच्या दृष्टीनं जरा बरंच. जळलं तर कार्ड जळण्याची शक्यता जास्त, बोर्ड वाचण्याची आशा असते.

आणि मग उरतो तो लाडका उपाय, यूएसबी कन्व्हर्टर. लॅपटॉप असेल तर दुसरा इलाजच नाही, ते मान्य. पण डेस्कटॉपवर पहिला सल्ला हा? यूएसबीचं भोक बदललं की अनेकदा कॉम नंबर बदलतो, मग काट्याचं सॉफ्टवेअर "पोर्ट सापडत नाही" म्हणून बसून राहतं. यूएसबी प्लगला स्क्रू नसतो, झाडू मारताना तो निघतो. आणि ड्रायव्हरचं राजकारण तर विचारू नका. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय या स्कॉटलंडच्या कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्यानं नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला. काल चालणारी वायर आज कॉम्प्युटरला दिसेना! बोंबाबोंब झाली, ड्रायव्हर मागे घेतला. २०१६ मध्ये पुन्हा तेच, या वेळी ड्रायव्हर डेटाच्या जागी "नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड" असं वाक्य पाठवू लागला. कल्पना करा, गाडी काट्यावर उभी आहे आणि वजनाच्या जागी हे! तैवानच्या प्रोलिफिकच्या नव्या ड्रायव्हरनंही जुन्या चिपा चालवायला असाच नकार दिला. नकली चिप विकणारा चोर, कबूल. पण शिक्षा कुणाला झाली? ज्यानं बाजारातून विश्वासानं वायर आणली त्याला.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "प्रगती नको का तुला?" हवी हो! यूएसबी ही उत्तम गोष्ट आहे. ज्या अजय भट्टांचं नाव त्यासाठी घेतलं जातं, ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले, याचा मला अभिमानच वाटतो. १९९८ मध्ये ॲपलनं आयमॅकवरून जुनी पोर्ट काढून टाकली तेव्हा घरगुती वापरासाठी ते बरोबरच होतं. माऊस आणि कीबोर्डसाठी मला कुणी सिरियल पोर्ट दिलं तर मीही पळून जाईन.

पण प्रत्येक वस्तूचं आयुष्य वेगळं असतं राव. कॉम्प्युटर पाच-सात वर्षं जगतो. वेब्रिज पंधरा-वीस वर्षं सहज जगतो. आणि तो नुसता बदलून चालत नाही. २००९ च्या वैधमापन कायद्यानुसार व्यापारात वापरायचा काटा तपासून, मोहोर मारून घ्यावा लागतो, इलेक्ट्रॉनिक काट्याला तर दर वर्षी. इंडिकेटर बदलला की पुन्हा तपासणी, पुन्हा मोहोर, ऐन हंगामात काटा बंद. म्हणजे तीनशे रुपयांच्या पट्टीऐवजी हा सगळा खटाटोप, कारण बारा वर्षं बरोबर वजन दाखवणारा डबा आम्हाला "आउटडेटेड" वाटतो!

आरएस-२३२ हे प्रमाण १९६० सालचं आहे. आपल्या आईवडिलांच्या वयाचं. पण त्याचे गुण बघा: वायर पंधरा मीटरपर्यंत आरामात जाते (यूएसबी २ ची मर्यादा पाच मीटर), ड्रायव्हरसाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही, आणि कुठलाही टर्मिनल प्रोग्रॅम उघडला की काटा काय बोलतोय ते साध्या अक्षरांत समोर दिसतं. मधे कुणी आकडा बदलत असेल तर इंडिकेटर एक सांगतो आणि पावती दुसरं, हे कुणीही पाच मिनिटांत पकडू शकतो. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

पोर्ट लावलं की चोरी थांबली, असं मी म्हणत नाही. लबाडी करणारा सॉफ्टवेअरमध्येही करतो. म्हणून दोष फक्त हार्डवेअरवाल्यांना देऊन आपण सॉफ्टवेअरवाले सुटत नाही. काट्याची अनेक सॉफ्टवेअरं आपल्यासारख्याच पोरांनी लिहिलेली असतात, आणि त्यात "मॅन्युअल एन्ट्री"चं एक बटण असतं. अडीनडीला ते लागतं, ठीक. पण हातानं टाकलेला आकडा पावतीवर तसा छापायला काय जातं? "वजन हातानं भरले" एवढी एक ओळ. शेतकरी वाचेल, विचारेल, पुन्हा काटा करायला लावेल. ही ओळ लिहायला दहा मिनिटं लागतात.

तर माझ्या मागण्या तीनच. मदरबोर्डवर पिना देत असाल तर ती पत्र्याची पट्टी खोक्यातच द्या. दुकानदारांनो, काटेवाला गिऱ्हाईक आला तर नवीन इंडिकेटर विकण्याआधी मदरबोर्डाच्या खालच्या कडेला एकदा बघा. आणि आपण, पुण्या-मुंबईत बसून "लेगसी" हा शब्द शिवीसारखा वापरणारे, आपण तो जरा जपून वापरू या. तुमच्या-माझ्यापैकी कित्येकांच्या कॉलेजची फी अशाच एखाद्या काट्यावरच्या पावतीतून भरली गेली आहे.

मामाच्या कॉम्प्युटरला पट्टी लावली. कॉम-१, ९६०० बॉड, पहिल्या झटक्यात आकडा आला. मामा म्हणाला, "एवढंच होतं?"

एवढंच होतं.