तारूचे नाव आणि कुणाचे भांडवल?

ताडोबा तलावाच्या काठी तारूचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना देह ठेवलेल्या या गोंड गावप्रमुखाला वनवासी बांधवांनी देव मानले. दरवर्षी पौषात त्याची यात्रा भरते. १९५५ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले ते त्याच्याच नावाने. पुढे अंधारी अभयारण्य त्याला जोडून व्याघ्रप्रकल्प उभा राहिला आणि आता मोहर्ली, कोलारा परिसरातील आलिशान विश्रामधामांच्या जाहिराती याच नावावर चालतात. आपले बोधचिन्ह दुसऱ्याने वापरले तर एखादी कंपनी त्याला न्यायालयात खेचते. तारूच्या नावाचा हिशेब मात्र आजवर कोणी मागितलेला नाही.

तो मागण्याची वेळ आता आली आहे. पर्यटनाच्या नावाखाली चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांकडे भांडवलाची पावले वळू लागली आहेत. सफारी, साहसी खेळ, उद्याने अशा योजनांची चर्चा सुरू झाली की प्रथम गुंतवणूकदार कोण, मग नाव काय, आणि सर्वांत शेवटी गावाला काय, असा क्रम लागतो. हा क्रम आंधळेपणाने स्वीकारण्यापूर्वी महाराष्ट्रातील मनोरंजन उद्यानांचा अनुभव पाहावा.

२०१३ साली खोपोलीजवळ ‘इमॅजिका’ उभे राहिले. पाश्चात्त्य धर्तीचे भव्य उद्यान, कोट्यवधींचे कर्ज आणि परदेशी बनावटीचे झोके-पाळणे असा तो थाट होता. कर्जाचे ओझे प्रेक्षकांच्या तिकिटांवर पेलले नाही. अखेर २०२२ मध्ये ते उद्यान ताब्यात घेतले कोणी? संगमनेरच्या मालपाणी समूहाने! मुंबईच्या भांडवली वर्तुळाने ज्यांची कधी विशेष दखल घेतली नसेल, अशा तालुक्याच्या गावातील या उद्योजकांनी त्याआधी शिर्डीत ‘साई तीर्थ’ उभारले होते. साईबाबांचे चरित्र, तीर्थयात्रा, लंकादहन हे तिथले विषय. लोक शिर्डीला कशासाठी येतात हे ओळखून त्यांनी पैसा लावला. ‘साई तीर्थ’लाही तिकीट आहे, तिथेही नफा पाहिला जातो, त्यात गैर काही नाही. पण भूमीची नाडी ओळखून केलेली गुंतवणूक आणि सादरीकरणाच्या पडद्यावर पाहून केलेली गुंतवणूक यांतला फरक कर्जाचे हप्ते सुरू झाले की कळतो.

नावाचा प्रश्न नागपूरजवळच्या गोरेवाड्यात उघड झाला. वनविकास महामंडळाने एस्सेल समूहाच्या भागीदारीत हाती घेतलेल्या तेथील प्राणिउद्यानाची भारतीय सफारी २६ जानेवारी २०२१ रोजी खुली झाली आणि उद्यानाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्यात आले. बाळासाहेबांविषयी हिंदू समाजाला आदर आहेच. परंतु गोंडवानाचे नाव द्यावे ही वनवासी संघटनांची मागणी एवढ्याने अप्रस्तुत ठरत नव्हती. देवगडच्या गोंड राजांनी नागपूर वसवले, त्यांच्या भूमीवरील उद्यानाच्या नावाचा निर्णय मंत्रालयात व्हावा आणि तेथील समाजाने तो वर्तमानपत्रात वाचावा, हे एकात्म समाजजीवनाचे लक्षण नव्हे. (भागीदार कंपनीच्या समूहाने मुंबईत गोराईला १९८९ साली सुरू केलेले ‘एस्सेल वर्ल्ड’ पुढे बंद पडले, हेही इथे लक्षात असावे.)

ताडोबाच्या बाबतीत तर गल्लाच परहस्ते गेला होता. सफारीच्या आरक्षणाचे काम एका खासगी संस्थेकडे सोपवले गेले. तिने सुमारे बारा कोटी रुपये व्याघ्रप्रतिष्ठानकडे भरलेच नाहीत, अशी फिर्याद २०२३ मध्ये चंद्रपुरात नोंदवली गेली. न्यायालय काय ते ठरवील. पण ज्यांची गावे या वाघांसाठी उठली, त्या बोटेझरी-नवेगावच्या माणसांना ही बातमी वाचून काय वाटले असेल? मे २०२५ मध्ये याच जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रियांना वाघाने एकाच दिवशी ठार केले. पर्यटकाच्या छायाचित्रातला वाघ आणि तेंदूपानाच्या हंगामातला वाघ एकाच जंगलात राहतात. पहिल्याचा लाभ एकाकडे आणि दुसऱ्याचे भय दुसऱ्याकडे, ही वाटणी कोणत्या न्यायाने झाली?

ग्रामसभेला व्यवहार कळत नाही, असे म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीतील मेंढा-लेखा पाहावे. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळवून २०११ पासून या गावाने स्वतःचा बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकला. बांबूचा हिशेब ठेवणारे गाव उद्यानाच्या तिकिटांचा हिशेब ठेवू शकणार नाही काय? नव्या प्रत्येक प्रकल्पात ग्रामसभेला लेखी भागीदारी असावी आणि ती करारावर सही होण्यापूर्वी ठरावी. नाव काय द्यायचे, हेही तिथेच विचारावे. गुंतवणूकदार त्यामुळे पळून जाईल, अशी भीती घातली जाते. एवढ्यावरून पळणारा गुंतवणूकदार तोट्याच्या पहिल्या वर्षीही पळणारच होता.

अहेरी तालुक्यातील कमलापूरच्या हत्तीतळाला कोणत्याही जाहिरातसंस्थेने नाव दिलेले नाही. २०२२ मध्ये तिथले हत्ती गुजरातेत जामनगरला पाठवण्याची हालचाल झाली, तेव्हा परिसरातील गावे विरोधात उभी राहिली. मंगला, बसंती, अजित ही हत्तींची नावे तिथल्या पोराटोरांना ठाऊक आहेत. कमलापूरचा तळ आजही जागेवर आहे.