पिच्छिलाच्या बाजूने

मराठी स्वयंपाकघरात भेंडीविषयी जे नियम पाळले जातात, ते सारे एकाच भीतीतून आलेले आहेत. भेंडी आधी धुवावी, फडक्याने पुसून कोरडी करावी आणि मगच चिरावी. चिरल्यावर तिला पाण्याचा थेंब लागता कामा नये. परतताना झाकण ठेवू नये, मीठ अगदी शेवटी घालावे, दोन-तीन आमसुले टाकावीत आणि उलथने शक्यतो कमी फिरवावे. हे नियम कोणी नवशिक्याला सांगू लागले की त्यांत पाककृती कमी आणि बंदोबस्त अधिक जाणवतो. बंदोबस्त कोणाचा, तर भेंडीच्या तारेचा. म्हणजे जी गोष्ट भेंडीला इतर साऱ्या भाज्यांपासून वेगळी करते, ती नाहीशी झाली की 'भेंडी छान झाली' असे आपण म्हणतो. ही स्तुती भेंडीची नव्हे, बंदोबस्ताची आहे, असे माझे बऱ्याच वर्षांपासूनचे मत आहे.

कुरकुरीत भेंडीवर माझा राग आहे असा समज मात्र वाचकांनी करून घेऊ नये. उभ्या, काडीसारख्या चिरलेल्या भेंडीला डाळीचे पीठ आणि थोडी तांदळाची पिठी लावून ती तळली, वर लिंबू पिळले, की वरणभाताचे साधे ताट एकदम सणाचे होते. भरली भेंडी तर त्याहून वरची. बोटभर लांबीच्या कोवळ्या भेंड्या निवडायच्या (शेंडा मोडून पाहायचा आणि भाजीवाल्या मावशींचे बोलणे खायचे, हा विधी टळत नाही), त्यांच्या पोटात दाण्याचे कूट, सुके खोबरे, तीळ आणि गोडा मसाला भरायचा आणि मंद आचेवर त्या सुरकुतेपर्यंत थांबायचे. तळलेल्या चकत्या दह्यात घालून केलेली कोशिंबीर मी उशिरा जेवायला बसून खातो. चकत्या तोवर दही पिऊन मऊ झालेल्या असतात आणि पंगतीतल्या घाईगर्दीच्या लोकांना तो स्वाद कळतच नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत अख्ख्या भेंड्या व्हिनेगरमध्ये लसूण, मिरची आणि शेपूबरोबर मुरवतात. एका जुन्या विद्यार्थ्याने तिकडून त्याची बरणी आणली होती. दाताखाली आधी साल करकरते, मग आतल्या बिया फुटतात. दोन दिवसांत बरणी संपली, आणि ती कोणी संपवली यावर घरात अजून एकमत नाही.

तरीही हे सारे प्रकार, एक कोशिंबीर सोडली तर, तारेला हरवूनच यशस्वी होतात. तार म्हणजे तरी काय? भेंडीच्या पेशींत शर्करेच्या लांबलचक साखळ्यांचा एक पदार्थ असतो. चिरताच तो बाहेर पडतो आणि पाणी मिळाले की फुगतो. कोरडी आच त्याला आटवते, आंबट त्याची पकड सैल करते. आता गंमत पाहा. साखरेच्या पाकाला तार आली की गृहिणी चिमटीत धरून ती मोजते. एकतारी, दोनतारी असे तिचे शास्त्र आहे आणि ते साधणाऱ्या हाताची वाखाणणी होते. शर्करा दोन्हीकडे आहे, तार दोन्हीकडे आहे, पण एकीकडे ती कौशल्य ठरते आणि दुसरीकडे फजिती. उन्हाळ्यात सब्जाचे बुळबुळीत बी आपण सरबतात आनंदाने गिळतो. चीड आहे ती फक्त भेंडीच्या चिकटपणाची.

ही चीड जिभेपुरती असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण आपल्या ग्रंथपरीक्षणांची भाषा एकदा या नजरेने वाचून पाहावी. लेख आवडला तर तो खुसखुशीत, विनोद खमंग, संवाद चुरचुरीत, स्फुट चटकदार. नावडला तर गुळमुळीत, बुळबुळीत, मिळमिळीत, पाणचट. आमची समीक्षा तळणीच्या बाजूला उभी राहून लिहिली जाते. जे दाताखाली मोडते ते चांगले, जे लांबत जाते, टाळूला चिकटून राहते, लवकर सुटत नाही ते वाईट. मी स्वतः तीस वर्षे मराठी शिकवले आणि उत्तरपत्रिकांच्या समासात 'पाल्हाळ' हा शब्द इतक्या वेळा लिहिला की हात आपोआप तिकडे वळे. त्यांतले काही पाल्हाळ खरोखर तार असावे, तुटू न देता काही धरून ठेवण्याचा प्रयत्न असावा, ही शंका मला निवृत्तीनंतर आली. फार उशिरा आली.

आस्वाद, रस, रुची हे साहित्यविचारातले शब्द जेवणाच्या पानावरून आले हे आपण वर्गात सांगतोच. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे समजावताना भरतानेही नाना व्यंजनांनी संस्कारलेल्या अन्नाचाच दाखला घेतला आहे. परंतु षड्रसांची यादी चवीची आहे आणि भेंडीचा प्रश्न चवीचा नाहीच, स्पर्शाचा आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट यांपैकी एकही शब्द तिला पुरत नाही. तिच्यासाठी आयुर्वेदाकडे जावे लागते. तेथे द्रव्यांच्या २० गुणांच्या दहा जोड्या सांगितल्या आहेत. गुरू आणि लघू, स्निग्ध आणि रूक्ष, अशा. त्यांतली एक जोडी पिच्छिल आणि विशद. पिच्छिल म्हणजे चिकट, बुळबुळीत, तार सुटणारे. त्याच्या उलट ते विशद. मराठीच्या प्राध्यापकांचे सर्वांत लाडके क्रियापद कोणते, हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको. प्रश्नपत्रिकेत आम्ही 'विशद करा' असे छापत आलो. भेंडीपुरते बोलायचे तर त्याचा अर्थ, पुसून घ्या, झाकण काढा, आमसूल घाला.

ज्यांनी पिच्छिलाला नाकारले नाही अशी माणसे जगात पुष्कळ आहेत. जपानमध्ये भेंडी कच्ची किंवा नुसती उकळत्या पाण्यातून काढून बारीक चिरतात आणि तार यावी म्हणून मुद्दाम ढवळतात. या चिकटपणाला तेथे 'नेबा-नेबा' असा नादमय शब्द आहे आणि तो तुच्छतेने उच्चारला जात नाही. पश्चिम आफ्रिकेत भेंडीचे दाट सार कसाव्याच्या गोळ्याबरोबर खातात आणि घास उचलताना लांबणारी तार हीच तिथे त्या साराची ओळख असते. इंग्रजीतला 'ओक्रा' हा शब्द त्याच भागातल्या इग्बो भाषेतला. लुइझियानाच्या 'गम्बो' या रश्श्याचे नावही अंगोलाकडच्या भाषांतील भेंडीच्या नावावरून आले असे मानतात. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून नेलेल्या माणसांबरोबर हे शब्द आणि ही भाजी समुद्रापार गेली आणि मालकांच्या भांड्यात जाऊन तिने त्यांचा रस्सा दाट केला. जवळचेच उदाहरण हवे तर गोव्यात कोळंबीच्या हुमणात भेंडी घालतात. आंबटाने तिची तार आवरते, मरत नाही, आणि ती नारळाच्या रसाला एक वेगळेच अंग देते.

आता जे सांगायचे होते ते सांगतो. माझ्या आईचे माहेर कोल्हापूरजवळ, उसाच्या पट्ट्यात. आजोबांचे गुऱ्हाळ होते. गुऱ्हाळात रानभेंडीची खोडे ठेचून पाण्यात भिजत घालतात. त्यातून जो बुळबुळीत चीक निघतो तो काहिलीतल्या तापत्या रसात ओततात. रसातली सारी मळी त्या चिकाला धरून वर येते, ती झाऱ्याने काढून टाकली की खाली नितळ रस उरतो. पुढे पुष्कळ ठिकाणी गुळाचा रंग उजळायला रासायनिक पूड आली, पण आजोबांच्या गुळव्याने भेंडी सोडली नाही. म्हणजे पिच्छिलाने विशद करण्याचे काम आईने लहानपणापासून रोज पाहिले होते. ज्या शब्दांवर मी वरचा परिच्छेद खर्ची घातला, ते तिला माहीत नव्हते, एवढेच.

आमच्या घरी मात्र भेंडी कोरडीच होत असे. वडिलांना तार खपत नसे. पानात एखादी तार दिसली तर ते काही बोलत नसत, फक्त वाटी बाजूला सारत. आईच्या हातची परतलेली भेंडी नातेवाइकांत प्रसिद्ध होती आणि मीही ती प्रसिद्धी वाढवायला हातभार लावला. वडील गेल्यानंतरच्या पावसाळ्यात एकदा मी दुपारी अवेळी घरी गेलो. आई एकटीच जेवत होती. भेंडी ताकात शिजवलेली, वर लसणीची फोडणी, शेजारी ज्वारीची भाकरी. घास उचलला की ताटापासून तोंडापर्यंत तार लांबत होती आणि आई ती बोटाने तोडत होती, तोडताना हसत होती. बिघडली का, असे मी विचारले.

"बिघडली कशाला? अशीच करतात. माहेरी अशीच असायची."

"मग कधी केली नाहीस ती?"

"तुम्हा कोणाला आवडत नव्हती ना."

'तुम्हा कोणाला' या शब्दांत मी होतो. मला कोणी कधी विचारले नव्हते हे खरे, पण मीही तिला विचारले नव्हते. चाळीसएक वर्षे ती जी भाजी नेमाने, कौतुक मिळवत करत आली, ती तिला आवडते का, हा प्रश्न रसविचार शिकवणाऱ्या तिच्या मुलाच्या मनात एकदाही आला नाही. त्या दिवशी मी तिच्या ताटातलीच भेंडी खाल्ली. पहिला घास घशाखाली उतरेना, हे कबूल करतो. तिसऱ्या घासाला ताकाचा आंबटपणा, लसूण आणि तो चिकट मऊपणा यांची संगती लागली. भाकरीचा खरबरीतपणा कशासाठी होता तेही कळले. चमच्याने ती भेंडी खाता येत नाही, भाकरीनेच धरावी लागते.

आई जाऊन आता बरीच वर्षे झाली. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा मी तशी भेंडी करतो. ताक फुटू नये म्हणून त्याला किंचित डाळीचे पीठ लावतो, मीठ आधीच घालतो आणि झाकण ठेवतो. माझा मुलगा तिला हात लावत नाही. त्याच्यासाठी दुसऱ्या कढईत थोडी वेगळी परततो, पुसून, कोरडी करून, आमसूल घालून.