उसनी गादी

साम, दान, भेद आणि दंड या चार उपायांपैकी भेद हा सर्वांत स्वस्त, अशी राज्यकर्त्यांची जुनी समजूत आहे. सैन्य हलवावे लागत नाही, आपले नाव पुढे येत नाही. परराज्यातील एखादा असंतुष्ट हाताशी धरला की काम भागते. हा उपाय खरोखर स्वस्त पडतो काय, याचे उत्तर आम्हां करवीरकरांस आपल्याच इतिहासात मिळण्यासारखे आहे.

शहाजादा आजमशहाने १७०७ साली शाहूराजांस कैदेतून सोडले, ते दयाबुद्धीने नव्हे. ताराबाईसाहेबांनी निकराने राखलेले राज्य घरच्या तंट्याने खिळखिळे व्हावे, हा त्यातील हेतू. तंटा लागला, पुढे सातारा व करवीर अशा दोन गाद्याही झाल्या. पण मोगलांनी साधले काय? त्याच शाहूराजांचे पेशवे बाजीराव १७३७ साली थेट दिल्लीपर्यंत जाऊन धडकले!

पुढे निजामाने हाच डाव टाकला. खरा छत्रपती कोण हे ठरल्यावाचून चौथाई कोणास द्यावी, असा साळसूद प्रश्न काढून त्याने करवीरच्या संभाजीराजांस आपल्या पक्षास ओढले. १७२८ साली पालखेडास बाजीरावांनी त्याची कोंडी केली, तेव्हा मुंगी-शेवगावच्या तहात त्याने शाहूराजांचा चौथाईचा हक्क मान्य केला आणि संभाजीराजांचा कैवार सोडून दिला. संभाजीराजांचा दावा काही निराधार नव्हता. तेही थोरल्या महाराजांचेच नातू. परंतु निजामाच्या छावणीतून मागितल्यामुळे त्या दाव्याची पत गेली. अखेर निवाडा झाला तो १७३१ च्या वारणेच्या तहाने, म्हणजे भाऊबंदांनीच आपसांत बसून.

ही केवळ जुन्या दरबारांची कथा असे कोणी समजू नये. इराणचे पंतप्रधान मोसाद्देक यांनी तेलाचा धंदा राष्ट्राच्या मालकीचा केला, म्हणून १९५३ साली ब्रिटिश व अमेरिकन हेरखात्यांनी कारस्थान करून त्यांस पदच्युत करविले. शहाची सत्ता बळावली खरी. पण ती परक्यांची देणगी, हा कलंक पुसला गेला नाही. १९७९ च्या क्रांतीत शहाचे राज्य गेले आणि अमेरिकेस तेथे कायमचा वैरी निर्माण झाला.

तात्पर्य, परका आपल्या सोयीसाठी येतो व सोय सरताच जातो. मागे राहते ते घरातील वैर. वाईट राज्यकर्ता बदलण्याचा हक्क प्रजेचा आहे. तो परक्याने गुप्तपणे बजावला, की प्रजेची न्याय्य तक्रारही फितुरी ठरते. हा न्याय आपल्या देशासही लागू आहे. शेजारच्या राज्यात असले उद्योग आपणही करू नयेत, असे आम्हांस वाटते.