झोपलेल्या कंदाला पाणी

आमच्या गच्चीवरच्या डेलियाच्या कुंड्या म्हणजे माझ्या आईचा तीस वर्षांचा संसार. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, वयाच्या ८१ व्या वर्षी, ती न्हाणीघरात घसरली. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असे : ‘तू बस, आम्ही करतो.’ भाजी निवडायचे ताटसुद्धा आम्ही तिच्यापुढून उचलून नेत असू. कुंड्यांचा भार अर्थातच मी घेतला. एप्रिलमध्ये झाडे पिवळी पडून वाळली, तरी मी नेमाने रोज सकाळी त्यांना तांब्याभर पाणी घालत राहिले. नवरात्राच्या सुमारास आईने विचारले, ‘कंद काढलेस का?’ मी कुंडी उकरली, तर हाताला काळा, कुजका लगदा लागला. तिन्ही कुंड्यांत तेच. आई काही वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘अगं, झोपलेल्याला कोणी पाणी पाजतं का? मला नुसतं विचारायचंस तरी.’

तिला विचारावे असे आठ महिन्यांत आम्हा कोणालाच सुचले नव्हते.

वाचकहो, डेलिया हे फूल मूळचे मेक्सिकोच्या डोंगराळ प्रदेशातले. तेच त्या देशाचे राष्ट्रीय फूल आहे. १७९१ मध्ये माद्रिदमधील कावानिल्येस या वनस्पतिशास्त्रज्ञाने आन्देर्स डाल या स्वीडिश अभ्यासकाच्या नावावरून त्याचे नामकरण केले. उंचावरच्या थंड हवेत वाढलेले हे झाड असल्यामुळे आपल्याकडे ते हिवाळ्यातच खुलते आणि उन्हाळा लागला की जमिनीवरचा पसारा आवरून कंदात विसावते. पुढच्या हंगामाची शिदोरी कंदात साठवलेली असते. त्या काळात त्याला कोरडी, सावलीची जागा एवढेच हवे असते. अशा वेळी ओलावा मिळाला की कंद कुजतो.

त्या वर्षी एका नातेवाइकांनी आम्हाला कंदांचे दोन घोस दिले. या वेळी मी जेवणाच्या मेजावर वर्तमानपत्र पसरले, आईची हातांची खुर्ची जवळ ओढली आणि कंद तिच्यापुढे ठेवले. पहिला धडा तिथेच मिळाला. बटाट्याच्या अंगभर डोळे असतात, तसे डेलियाच्या कंदाला नसतात. त्याचा डोळा जुन्या खोडाला चिकटलेल्या मानेपाशीच असतो. त्यामुळे घोस सुटा करताना प्रत्येक कंदाबरोबर खोडाचा थोडा भाग आणि निदान एक डोळा यायला हवा. नुसता कंद कितीही गरगरीत असला, तरी त्याला अंकुर फुटत नाही. आईची नजर अधू झाली आहे, पण बोटांना डोळा बरोबर सापडत होता. कापायचे कोठे हे तिने दाखवायचे आणि सुरी मी चालवायची, अशी वाटणी ठरली.

लागवडीची रीत सोपी आहे. परतीचा पाऊस ओसरला की, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यास, बारा इंची कुंडी घ्यावी. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण भरावे. आधाराची काठी आधी रोवावी. नंतर रोवली तर ती कंदातून आरपार जाण्याची भीती असते. कंद आडवा, डोळा वर करून, तीन-चार इंच खोल ठेवावा. माती किंचित ओलसर असली की पुरे. अंकुर वर दिसेपर्यंत पाण्याला हात आखडता ठेवावा. पुढे मात्र वरची माती सुकली की भरपूर पाणी द्यावे. रोज पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी.

पानांच्या चार जोड्या आल्या की मधला शेंडा खुडावा, म्हणजे झाडाला फांद्या फुटतात. फूल मोठे हवे असेल, तर फांदीच्या टोकाच्या तीन कळ्यांपैकी मधली राखून बाजूच्या दोन काढाव्यात. सुकलेली फुले वेळेवर काढली तर झाड फुलत राहते. नवी कळी गोल व चपटी असते, ओसरलेले फूल मिटून टोकदार होते. हा फरक हाताला कळतो. मावा किंवा लाल कोळी दिसल्यास लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि द्रवरूप साबणाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे. नत्रयुक्त खताचा मारा केला, तर पाने माजतात आणि फुले रुसतात.

यांतील निम्मी कामे खुर्चीत बसून, दोन बोटांनी होण्यासारखी आहेत. म्हणूनच आजारातून उठलेल्या वडीलधाऱ्यांसाठी हे झाड मला सोयीचे वाटते. त्याची कामे वर्षभर पसरलेली, थोडी-थोडी आणि निर्णयाची असतात. कोणती कळी ठेवायची हे कोणाला तरी ठरवावेच लागते. आमच्याकडे ते आई ठरवते.

काही पथ्ये मात्र पाळावीत. कुंडी कमरेइतक्या उंचीच्या भक्कम ओट्यावर ठेवावी, म्हणजे वाकावे लागत नाही. मातीने भरलेली ओली कुंडी वडीलधाऱ्यांनी उचलू नये. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी वाकून चटकन उठू नये, भोवळ येऊन तोल जातो. काम सकाळच्या कोवळ्या उन्हात करावे आणि फरशीवर सांडलेले पाणी लगेच पुसावे. मातीकाम हातमोजे घालूनच करावे. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, तर अनवाणी जाऊ नये, कारण झालेली जखम लक्षातच येत नाही. धनुर्वाताच्या लसीविषयी आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे. आणखी एक गोष्ट शुश्रूषा करणाऱ्यांसाठी : डेलियाचे कंद रताळ्यासारखे दिसतात. घरात कोणाला विस्मरणाचा त्रास असेल, तर ते स्वयंपाकघरात, कांद्या-बटाट्यांजवळ मुळीच ठेवू नयेत.

त्या हिवाळ्यात डिसेंबरच्या अखेरीस आमच्याकडे पहिले फूल आले, गडद जांभळे, तळहाताएवढे. आई वॉकर घेऊन, माझा हात न धरता, गच्चीच्या दारापर्यंत गेली. मी मागे उभी होते. ‘सावकाश’ हा शब्द ओठांवर आला होता, तो मी गिळला. फुलांमुळे आईचा खुबा बरा झाला, असे मी म्हणणार नाही. वॉकर आजही सुटलेला नाही आणि पावसाळ्यात पाय दुखतोच. मात्र व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी सांगितलेले खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे तिला पूर्वी जिवावर येई. आता कळ्या पाहायच्या म्हणून त्यांतील चार-पाच वेळा ती न सांगता उठते. शिवाय दिवसातून एकदा तरी ती मला रागावते. त्या आठ महिन्यांत ती कोणालाच रागावली नव्हती, हे आता माझ्या ध्यानात येते.

झाडे वाळली की खोड चार बोटे राखून छाटावे, कंद अलगद काढून सावलीत सुकवावेत आणि कोरड्या वाळूत, हवेशीर जागी ठेवावेत. महिन्यातून एकदा पाहून कुजलेले बाजूला काढावेत. गेल्या एप्रिलमध्ये हे सगळे आईच्या देखरेखीखाली झाले. खोके माळ्यावर चढवण्यापूर्वी तिने त्यावर थरथरत्या, पण ठळक अक्षरांत लिहिले : ‘पाणी घालू नये. आधी मला विचारावे.’