एकच आवाज, दोन पाकिटे

प्रल्हाद शिंदे यांच्या निवडक गाण्यांवरून आमच्या समुद्रपुरात परवा चांगलीच जुंपली. पूर्वी कॅसेट होती, मग सीडी आली, आता पेनड्राइव्ह. आम्ही पाच-सात घरची माणसे बसून दोन संच ऐकले. एकात सगळी विठ्ठलाची गाणी, दुसऱ्यात सगळी भीमगीते.

पोरांचे म्हणणे पडले, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी पहिला संच ऐकायचाच कशाला? वडीलधारी म्हणाली, गाणे हेच त्यांचे पोट होते. एक मावशी शेवटी वैतागल्या, "आवाज त्यायचाच हाय ना, मंग असा फाडून कायले ठेवला?"

आम्हाला मावशींचेच पटते. तो भरदार, वरच्या पट्टीचा गळा दोन्हीकडे सारखाच आहे. त्यांची कव्वाली मात्र दोन्हींत नाही, हे काही बरे नाही.

आणखी एक. पाकिटावर गायकाचा फोटो मोठा, कवीचे नाव कुठेच नाही! पंढरीच्या वाटेचे ते गाणे दत्ता पाटलांचे, चाल मधुकर पाठकांची, हे कितीजणांना ठाऊक? भीमगीतांचेही तेच. वामनदादा कर्डक १५ मे २००४ रोजी गेले, प्रल्हाददादा २३ जूनला. सव्वा महिन्यात दोघेही गेले. आदर्श शिंदे गातात म्हणून आजोबांचे नाव पोरांना माहीत आहे. वामनदादांचे गाणे मात्र तीच पोरे 'पारंपरिक' समजून म्हणतात.

ज्यांच्या घरी गाण्यांची जुनी वही असेल त्यांनी रविवारी विहारात आणावी. गाण्यांपुढे कवींची नावे लिहून काढू.