पाटीवरचा एक शब्द

दुकानाला कोणते नाव द्यावे, हा मालकाच्या हौसेचा प्रश्न. कोणी कुलदैवताचे नाव देतो, कोणी नातीचे. कायदा त्यात सहसा पडत नाही. पण काही शब्दांना तो हात लावू देत नाही. कंपनीच्या नावात ‘इन्शुरन्स’, ‘स्टॉक एक्स्चेंज’ किंवा ‘म्युच्युअल फंड’ घालायचे तर त्या त्या नियामकाची संमती लागते. महात्मा गांधींचे नाव धंद्यासाठी वापरायलाही १९५० पासून कायद्याची आडकाठी आहे. या सर्वांत कडक पहारा आहे तो ‘बँक’ या शब्दावर.

मी कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे शब्दांवर बंदी म्हटली की माझ्या कपाळावर आठी पडते. हे बंधन मात्र मला मनापासून पटते, कारण माझे उभे आयुष्य बँकेच्या नोकरीत गेले. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचे सातवे कलम दुहेरी आहे. जी कंपनी बँक नाही तिने हा शब्द नावात वापरायचा नाही. आणि जी बँकेचा व्यवसाय करते तिने तो वापरलाच पाहिजे. पोलिसाच्या वर्दीसारखेच हे. इतरांनी ती घालू नये आणि पोलिसाने कामावर ती घालावी, म्हणजे लोकांना माणूस ओळखता येतो.

या वर्दीमागे पुढे बळही आले. १९६० मध्ये केरळातली पलई सेंट्रल बँक बुडाली, देशभर घबराट उडाली आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा मिळू लागला. तेव्हा त्याची मर्यादा होती दीड हजार रुपये. फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख आहे. बँकाही अडचणीत येतात, हे २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांनी सोसले आहे. तरीही पाच लाखांपर्यंत का होईना, कायद्याचा आधार तिथे असतो.

प्रश्न आहे तो पाटीवर नसलेल्या शब्दाचा. तालुक्याच्या शाखेत असताना एक निवृत्त गुरुजी माझ्यापुढे एका पतसंस्थेची ठेवपावती घेऊन बसले होते. तिथले पैसे अडकले होते. मी पावती उलटसुलट करून पाहिली. ‘बँक’ हा शब्द कुठेही नव्हता. संस्थेने कायदा काटेकोर पाळला होता. गुरुजी म्हणाले, “साहेब, आम्ही सगळे तिला बँकच म्हणायचो. पिग्मीवाला पोरगाही बँकेतून आलोय म्हणायचा.” पेन्शनीला लागताना हाती आलेले पैसे त्या बोलीतल्या एका शब्दाच्या भरवशावर गेले होते.

काही सहकारी संस्था तर नावातच हा शब्द बेकायदा मिरवतात. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांच्याबद्दल जाहीर इशारा दिला आणि त्यांच्या ठेवींना विम्याचे कवच नसल्याचेही सांगितले.

माझे म्हणणे एवढेच, की शब्द वापरू नका असे सांगून कायद्याचे काम संपत नाही. ठेवी घेणाऱ्या प्रत्येक पतसंस्थेच्या दारावर, पासबुकावर आणि पावतीवर ठळक मराठीत छापले जावे : ‘ही बँक नाही. येथील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही.’ सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापता येतो, तर इथे का नको?

चांगल्या पतसंस्थांना हे झोंबेल, हे मी जाणतो. बँकेने दारात उभे केले नाही अशा भाजीवालीला, रिक्षावाल्याला त्यांनी कर्ज दिले आहे. पण चोख कारभार करणाऱ्याला खरे छापायला भीती कसली? जी संस्था त्या दोन ओळींना घाबरेल, तिच्यापासून ठेवीदाराने दूर राहिलेले बरे.

तोवर एक काम आपल्या घरातही करता येईल. पतसंस्थेला पतसंस्था म्हणावे आणि बँकेला बँक. आईवडिलांच्या कपाटातल्या पावत्या एकदा काढून, त्यांवर नेमके काय छापले आहे ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. जो शब्द कायदा पाटीवर चढू देत नाही, तो आपण बोलता बोलता फुकट बहाल करू नये.